ट्रीटी, कन्व्हेन्शन आणि वडगावचा कागद

पुण्याहून मुंबईकडे जाताना तळेगाव मागे पडले की लागणारे वडगाव हे मावळ तालुक्याचे मुख्य ठिकाण असल्यामुळे कचेरी, न्यायालय किंवा बाजार यांच्या निमित्ताने मावळातल्या प्रत्येक खेड्याच्या माणसाला तेथे कधी ना कधी यावेच लागते. परंतु इतिहासाच्या ग्रंथांत या गावाचे नाव शिरले ते १७७९ च्या जानेवारी महिन्यात येथे लिहिल्या गेलेल्या एका कागदामुळे. मराठी ग्रंथकार त्या कागदास एकमुखाने ‘वडगावचा तह’ म्हणतात. इंग्रजी ग्रंथांत मात्र त्याची दोन नावे आढळतात : कोणी त्यास ‘ट्रीटी’ म्हणतो, तर जुने आणि काटेकोर लेखक ‘कन्व्हेन्शन’ हा शब्द पसंत करतात. दोन्ही शब्दांपुढे आपल्या कोशांत ‘तह’ किंवा ‘करार’ हाच प्रतिशब्द सापडत असल्याने वाचक हा भेद लेखनशैलीचा समजून पुढे जातो. वस्तुतः या दोन शब्दांच्या मधल्या जागेतच साष्टी बेटाचा, गुजरातेतील परगण्यांचा आणि पुढील तीन वर्षांच्या युद्धाचा प्रश्न अडकलेला होता, आणि म्हणून या व त्यांच्या भाऊबंद शब्दांचे अर्थ थोडे सावकाशीने पाहणे अगत्याचे आहे.

‘ट्रीटी’ हा शब्द फ्रेंचमार्गे लॅटिन भाषेतून आला असून त्याच्या मुळाशी हाताळणे, वाटाघाट करणे हा अर्थ आहे. आपल्या जुन्या दफ्तरांतील ‘जाबसाल’ हा शब्द त्या मूळ कल्पनेच्या फार जवळचा. एका राज्याने दुसऱ्या राज्याशी, स्वतःच्या सार्वभौम अधिकाराने, वकिलांमार्फत जाबसाल करून जो कायमचा लेखी बंदोबस्त केला तो ट्रीटी. ‘कन्व्हेन्शन’च्या मुळाशी केवळ एकत्र येणे आहे, आणि म्हणूनच इंग्रजीत हा एकच शब्द पक्षाच्या अधिवेशनालाही चालतो, समाजाच्या रूढीलाही चालतो, साहित्यातील संकेतालाही चालतो आणि दोन पक्षांनी एकत्र येऊन केलेल्या ठरावालाही चालतो. अठराव्या शतकाच्या राजकीय भाषेत या चौथ्या अर्थाला एक विशेष छटा होती. राजाने राजाशी केलेल्या बंदोबस्तापेक्षा मर्यादित विषयाचा, आणि पुष्कळदा रणांगणावर सेनापतीने सेनापतीशी केलेला करार हा कन्व्हेन्शन समजला जाई. त्याच्या मागे राज्य उभे राहीलच असे नसे; ते उभे राहावे म्हणून वरिष्ठांची मंजुरी यावी लागे.

आता वडगावास काय घडले ते पाहावे. १७७३ च्या ऑगस्ट महिन्यात नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यात खून झाला, बारभाईंनी राघोबादादांस गादीवरून दूर सारले, आणि दादांनी मुंबईकर इंग्रजांचा आश्रय केला. मार्च १७७५ मध्ये सुरतेस त्यांनी इंग्रजांशी करार करून साष्टी आणि वसई देण्याचे कबूल केले. परंतु १७७३ च्या रेग्युलेटिंग ॲक्टाने मुंबई व मद्रास या इलाख्यांचा युद्ध आणि तह करण्याचा स्वतंत्र अधिकार काढून तो कलकत्त्याच्या गव्हर्नर जनरलच्या मंजुरीवर टेकविला होता; तातडीचा प्रसंग किंवा विलायतेतील संचालकांचा थेट हुकूम एवढेच अपवाद. कलकत्त्याने सुरतेचा करार नामंजूर केला, कर्नल अप्टन यास पुण्याकडे धाडले, आणि १ मार्च १७७६ रोजी पुरंदरास दुसरा तह झाला. तिकडे संचालकांनी मात्र सुरतेच्या करारास पसंती कळविली. याप्रमाणे एकाच कंपनीच्या तीन तोंडांतून तीन गोष्टी निघत होत्या, आणि मराठ्यांच्या वकिलास यांतले खरे तोंड कोणते हे ओळखावयाचे होते.

पुरंदरचा तह गुंडाळून मुंबईकरांनी १७७८ च्या नोव्हेंबरात राघोबादादांना घेऊन पुण्यावर स्वारी काढली. सुमारे ३,९०० शिपाई, त्यांत सहाशेच्या आसपास गोरे, आणि दारूगोळा व दाणागोटा वाहण्यास १९,००० बैल असे ते लटांबर होते. सेनापती कर्नल एजर्टन. मोहिमेवर देखरेखीस तो स्वतः आणि कार्नाक व मॉस्टिन हे दोन मुलकी अधिकारी मिळून एक कमिटी. बोरघाट चढून फौज वर आली ती इतक्या मंद गतीने की खंडाळा ते कार्ले एवढ्या अल्प अंतरात दिवसच्या दिवस गेले. मराठ्यांनी समोरासमोर मोठी लढाई देण्याचे टाळून दोन्ही अंगांनी तोफांचा व घोडेस्वारांचा उपद्रव चालू ठेवला. ४ जानेवारीस कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट तोफेच्या गोळ्याने पडला; शत्रूचा असूनही त्याचे शौर्य पाहून मराठी माणसाने त्यास ‘इष्टूर फाकडा’ असे नाव दिले. मॉस्टिन आजारी होऊन मुंबईस परतला व तेथेच वारला; एजर्टनची प्रकृती खालावून सेनापत्य कॉकबर्नकडे आले. ९ तारखेस फौज तळेगावास पोचली तेव्हा मराठ्यांनी ते गाव स्वतःच जाळून ओस केले होते. पुणे अवघ्या वीस मैलांवर राहिले असता कमिटीचा धीर खचला, आणि ११ जानेवारीच्या रात्री, जड तोफा तळ्यात ढकलून व सामान जाळून, परतीचा कूच सुरू झाला. दुसऱ्या दिवशी वडगावच्या परिसरात मराठ्यांनी फौजेला पुरते वेढले. पिछाडीवर कॅप्टन हार्टले याने मोठ्या शर्थीने तोंड दिले हे नमूद केले पाहिजे. पण तेवढ्याने फौजेची सुटका होण्यासारखी नव्हती.

बोलाचालीस कमिटीने फार्मर यास पाठविले. राघोबादादांस ताब्यात द्यावे ही मराठ्यांची पहिली मागणी. तिच्या पाठोपाठ नवा तह करावा ही दुसरी. तेव्हा फार्मरने निरोपाप्रमाणे स्पष्ट सांगितले की कलकत्त्याच्या मंजुरीवाचून तह करण्याचा अधिकार आम्हांस नाही. ग्रँट डफ याने आपल्या १८२६ च्या इतिहासात यावर महादजी शिंद्यांनी केलेला प्रतिप्रश्न नोंदविला आहे. त्याचा आशय असा की, अधिकार नाही म्हणता, तर मग अप्टनने रीतसर केलेला तह मोडण्याचा अधिकार तुम्हांस कोणी दिला तो दाखवा. या संबंध प्रकरणात याहून नेमका प्रश्न कोणी विचारलेला मला आढळत नाही. तह करण्यास जी सनद लागते तीच तह मोडण्यासही लागते, हे विधिशास्त्राचे तत्त्व त्यात आहे, आणि ते एका सेनानीच्या तोंडून निघाले आहे.

शेवटी होम्स यास कराराचा अधिकार देऊन पाठविण्यात आले, आणि १६ जानेवारी ही ज्याची तारीख सामान्यतः दिली जाते तो कागद पुरा झाला. थोरल्या माधवरावांच्या मृत्यूनंतर मुंबईकरांनी घेतलेला सर्व मुलूख, साष्टीसुद्धा, परत करावा. बंगालहून चालून येणारी फौज माघारी फिरवावी. फार्मर आणि लेफ्टनंट स्टुअर्ट यांस ओलीस ठेवावे. आणि याखेरीज महादजींस भडोच देण्याचा स्वतंत्र शब्द. राघोबादादा शिंद्यांच्या स्वाधीन झाले. फौजेस घाट उतरण्याची मोकळीक मिळाली. घाट उतरताच कमिटीने पहिले काम केले ते बंगालच्या फौजेस लिहिलेला परतीचा हुकूम तहकूब करण्याचे. त्या फौजेचा सेनापती गॉडर्ड तिच्यासह फेब्रुवारीअखेर सुरतेस येऊन दाखल झाला, आणि कलकत्त्याचा गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज याने वडगावचा करार अमान्य करून टाकला.

येथे तिसरा इंग्रजी शब्द पुढे येतो. ‘कॅपिट्युलेशन’ म्हणजे नुसती शरणागती असे आपण समजतो. तिला दुसरा शब्द ‘सरेंडर’ आहे. सरेंडर म्हणजे हाती होते ते देऊन टाकणे. कॅपिट्युलेशन हा शब्द मात्र लॅटिनमधील ‘प्रकरण’ किंवा ‘कलम’ अशा अर्थाच्या शब्दापासून निघाला आहे. म्हणजे कलमवार अटी ठरवून दिलेली शरणागती. आपल्या भाषेत यास बरोबर शब्द होता आणि तो आपण विसरलो आहोत : कौल. किल्ल्यातील शिबंदी टेकीस आली की ती कौल मागे, वेढा घालणारा कौल देई, आणि प्राण, बायकामुले, कधी हत्यारेही सोबत नेण्याची हमी घेऊन ती किल्ला खाली करी. १७३९ च्या मे महिन्यात वसईचे पोर्तुगीज चिमाजी अप्पांपासून असाच कौल घेऊन शस्त्रांसह मानाने बाहेर पडले. असा कौल देण्याघेण्यास सेनापतीला राजाची निराळी परवानगी लागत नसे. हाताखालच्या फौजेचे आणि हाती असलेल्या ठाण्याचे बरेवाईट ठरविणे हे त्याच्या हुद्द्यातच अंतर्भूत आहे, असे १६२५ मध्ये ग्रंथ लिहिणाऱ्या ग्रोशियसपासून १७५८ मध्ये लिहिणाऱ्या वात्तेलपर्यंत युरोपातील विधिशास्त्रज्ञांनी मानले आहे. मात्र हाताखाली नसलेला मुलूख देऊन टाकणे किंवा दुसऱ्याच्या फौजेला हुकूम सोडणे हे त्या हुद्द्यात येत नाही.

ही फूटपट्टी लावली की वडगावच्या कागदाचे दोन तुकडे पडतात. फौजेने सुखरूप जावे, तिने वाटेत लढू नये, ओलीस ठेवावेत, हा भाग कौलाचा, आणि तो करण्यास कमिटी मुखत्यार होती. साष्टी व गुजरातेतील परगणे परत देणे हा भाग तहाचा, आणि तो करण्यास कमिटीच काय, तिला पाठविणारे मुंबई सरकारही पार्लमेंटच्या कायद्याने मुखत्यार नव्हते. इंग्रजी लेखक ‘कन्व्हेन्शन’ म्हणतात ते या दुसऱ्या भागाचे ओझे कमी करण्यासाठी. आपण ‘तह’ म्हणतो तेव्हा दोन्ही भागांस सारखेच बंधनकारक धरून चालतो. कायद्यापुरते पाहिले तर इंग्रजांची बाजू टाकाऊ नव्हती हे कबूल केले पाहिजे, विशेषतः फार्मरने आपली मर्यादा आधीच बोलून दाखविली होती म्हणून. तहांच्या कायद्यासंबंधी १९६९ साली व्हिएन्ना येथे जो आंतरराष्ट्रीय करार झाला त्यातही हेच तत्त्व आहे : प्रतिनिधीच्या अधिकारावर काही बंधन असेल आणि ते समोरच्या पक्षास आधी कळविलेले असेल, तर ते बंधन मोडून दिलेल्या संमतीविरुद्ध तक्रार करता येते.

परंतु अशा अधिकाराबाहेरच्या वचनास विधिशास्त्रात एक वेगळे नाव आहे, आणि त्या नावाचा इतिहास इंग्रजांच्या बाजूने बोलत नाही. रोमन लोक सार्वभौम तहास ‘फीदुस’ आणि सेनापतीने स्वतःच्या जबाबदारीवर दिलेल्या वचनास ‘स्पॉन्सिओ’ म्हणत. इंग्रजीतील ‘स्पॉन्शन’ हा आता जवळजवळ लुप्त झालेला शब्द तोच. ख्रिस्तपूर्व ३२१ मध्ये कॉडियमच्या खिंडीत सॅम्नाइट लोकांनी रोमची संपूर्ण फौज कोंडली. बोरघाटाच्या माथ्यावरील प्रसंगाशी याचे साम्य कोणालाही दिसावे. रोमच्या कॉन्सलांनी तहाचे वचन देऊन फौज सोडविली. सिनेटने ते वचन अमान्य केले. पण अमान्य करताना, लिव्ही या इतिहासकाराच्या कथनानुसार, ज्यांनी वचन दिले होते त्या कॉन्सलांस बांधून सॅम्नाइटांच्या स्वाधीन करण्यात आले, आणि सॅम्नाइटांच्या नायकाने त्यांस घेण्याचे नाकारून सांगितले की करार मान्य नसेल तर तुमची सगळी फौज पुन्हा त्याच खिंडीत आणून उभी करा. ग्रोशियस आणि वात्तेल या दोघांनीही या प्रसंगाचा ऊहापोह केला आहे. राज्याला असे वचन नाकारण्याचा हक्क आहे हे धरून चालले, तरी त्या वचनाने मिळालेला लाभ पदरात ठेवून वचन तेवढे झटकून टाकणे न्यायाचे कसे, हा सॅम्नाइट नायकाचा सवाल त्या ऊहापोहातून पुसला जात नाही.

कंपनीने काय परत केले? फौज सुटली ती सुटलीच. एजर्टन, कॉकबर्न आणि कार्नाक यांस संचालकांनी नोकरीतून काढून टाकले, पण ती शिक्षा कंपनीची घरगुती होती. मराठ्यांच्या नुकसानीशी तिचा संबंध नव्हता. दोन ओलीस तेवढे मराठ्यांच्या हाती उरले होते, त्यांसही शिंद्यांनी पुढे काही मोबदला न घेता जाऊ दिले. आणि मला सर्वांत बोलकी वाटते ती भडोचची गोष्ट. युद्ध पुढे तीन वर्षे चालून १७ मे १७८२ रोजी सालबाईस तह झाला. साष्टी इंग्रजांकडेच राहिली, परंतु भडोच शिंद्यांस मिळाले, आणि देताना कंपनीने कारण लिहिले ते महादजींनी वडगावास दाखविलेल्या उदार वर्तनाची व ओलिसांना सोडल्याची कदर म्हणून. जे वडगावास कबूल केले होते तेच, पण आता कराराची फेड म्हणून नव्हे, बक्षीस म्हणून. ज्या वचनाचे अस्तित्व नाकारले होते त्याचे ऋण कोठेतरी मनात शिल्लक होते याचा याहून चांगला पुरावा मिळणार नाही.

वडगावच्या सुमारासच ‘कन्व्हेन्शन’ या शब्दामागे लपण्याचे दुसरे मोठे उदाहरण अमेरिकेत घडले. १७ ऑक्टोबर १७७७ रोजी सॅरटोगास इंग्रज सेनापती बर्गॉइन याने अमेरिकनांपुढे शस्त्रे ठेवली, पण कागदावर ‘कॅपिट्युलेशन’ हा शब्द नको, ‘कन्व्हेन्शन’ हवा, असा आग्रह धरला व तो मान्य करून घेतला. फौजेने मायदेशी परत जावे असे ठरले होते. अमेरिकन काँग्रेसने तो करार पाळला नाही आणि त्या फौजेस वर्षानुवर्षे कैदेत ठेवले. म्हणजे मावळात ज्या दुबळ्या शब्दाचा इंग्रजांस फायदा झाला, त्याच शब्दाने अटलांटिकपलीकडे पंधरा महिने आधी त्यांचे नुकसान केले होते.

‘मोडणे’ या आपल्या एका क्रियापदानेही असाच घोटाळा होतो. इंग्रजीत मान्य असलेल्या तहाविरुद्ध वागणे हे ‘व्हायोलेट’ करणे. मान्य असलेला तह रीतसर सूचना देऊन संपविणे हे ‘डिनाउन्स’ करणे. आणि हा करार आमचा नव्हेच, आम्ही त्यास बांधलेलो नाही, असे म्हणणे हे ‘रिप्युडिएट’ करणे. मुंबईकरांनी पुरंदरचा तह मोडला. हेस्टिंग्जने वडगावचा करार नाकारला. पहिला विश्वासघात होता, दुसरा अधिकाराचा वाद होता, आणि दोहोंस एकच क्रियापद लावल्याने पहिल्याचा दोष सौम्य होतो व दुसऱ्याचा विचारच होत नाही. सही आणि मंजुरी यांतील अंतरही आपल्या जुन्या कारभाऱ्यांस पुरते ठाऊक होते. पत्राच्या शेवटी मोर्तब उमटल्याशिवाय ते पुरे होत नसे, म्हणून तर ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द आजही आपल्या तोंडी आहे. इंग्रजीतील ‘रॅटिफिकेशन’ ते हेच. व्हर्सायच्या तहावर १९१९ साली अमेरिकेच्या अध्यक्षाने सही केली, सिनेटने मोर्तब केले नाही, आणि अमेरिका त्या तहाबाहेर राहिली.

लढाई थांबविण्याच्या शब्दांची गोष्ट थोडक्यात सांगता येईल. ‘ट्रूस’ हा इंग्रजीतील जुना शब्द इमान या अर्थाच्या धातूपासून आलेला, आणि तो काही तासांची वा दिवसांची तहकुबी दाखवितो. ‘सीझफायर’ म्हणजे गोळीबार थांबणे, त्याहून काही नाही. ‘आर्मिस्टिस’ म्हणजे रीतसर, लेखी, दीर्घ मुदतीची शस्त्रसंधी. युद्धाची स्थिती तिनेही संपत नाही. कोरियात २७ जुलै १९५३ रोजी झालेल्या शस्त्रसंधीनंतर शांततेचा तह अद्याप झालेला नाही. काश्मीरमध्ये १ जानेवारी १९४९ रोजी गोळीबार थांबला व त्यावरून ‘सीझफायर लाइन’ आखली गेली. १९७२ च्या सिमला करारानंतर तिच्या जागी ‘नियंत्रण रेषा’ आली. आणि आंतरराष्ट्रीय सरहद्द ही त्याहून निराळी तिसरीच गोष्ट. आपली वृत्तपत्रे ट्रूस, सीझफायर आणि आर्मिस्टिस या तिन्हींस ‘शस्त्रसंधी’ म्हणतात, ते सोडावे.

कागदाचे नाव काहीही असले तरी त्याची बंधनशक्ती नावावर अवलंबून नसते, असे वर उल्लेखिलेला व्हिएन्नाचा करार स्वतःच सांगतो, आणि तो करार स्वतः ‘कन्व्हेन्शन’ या नावाचा आहे. १९४९ चे जिनिव्हाचे चार करार, ज्यांच्याइतके सर्वमान्य बंधन आज क्वचितच दुसरे असेल, तेही ‘कन्व्हेन्शन’च. दोनशे वर्षांत हा शब्द सेनापतीच्या तंबूतून निघून सर्व राष्ट्रांच्या सभागृहात जाऊन बसला. म्हणून आज नाव पाहून निर्णय करू नये. सही कोणी केली, कोणत्या अधिकाराने केली, आणि मोर्तब झाले की नाही, हे पाहावे.

आणि हे पाहण्याची सर्वाधिक गरज एका अगदी ताज्या शब्दाबाबत आहे. औद्योगिक गुंतवणुकीच्या बातम्यांत सरकार व कारखानदार यांच्यात ‘सामंजस्य करार’ झाला असे आपण वाचतो. तळेगावच्या औद्योगिक वसाहतीमुळे मावळातील तरुणांस आणि जमीनधारकांस तर अशा बातम्यांचे विशेष अगत्य. मूळ इंग्रजी नाव ‘मेमोरँडम ऑफ अंडरस्टँडिंग’ असे आहे, आणि त्यात करार असा शब्दच नाही. दोन्ही पक्षांचा तूर्त काय विचार आहे त्याची ती नोंद; तिच्यातील मजकूर स्पष्टपणे बंधनकारक केलेला नसेल तर सामान्यतः ती कोणास बांधीत नाही, आणि कारखाना न आल्यास तिच्या आधारे कोणास दाद मागता येत नाही. पेशवे दफ्तरात अशा कागदास नेमका शब्द होता : याद. कलमे मांडून ठेवलेली, ज्यावर वरिष्ठांचा निर्णय व्हावयाचा आहे अशी नोंद ती याद. तेव्हा मराठी वृत्तपत्रांनी आणि सरकारी पत्रकांनी या कागदास ‘समजुतीची याद’ म्हणावे, आणि ‘करार’ हा शब्द मोर्तब झालेल्या कागदासाठी राखून ठेवावा, एवढी विनंती आहे. तोपर्यंत वाचकांनी बातमीत ‘सामंजस्य करार’ हे शब्द दिसले की त्याच्या भरवशावर जमिनीचा इसार घेऊ नये किंवा देऊ नये.